अंगण खरंच वाकडं असतं

गेल्या शिगम्यात मी दीड तास रोमटात नाचलो. ढोल-ताशाचा आवाज कानावर पडला की पाय घरात राहत नाहीत, हे आपल्याकडच्या कुणालाही सांगायला नको. डांबरी रस्ता, पायात नवे कोरे रबरी तळाचे बूट, वर चैत्राकडे झुकलेलं ऊन. त्या दिवशी काहीच वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी थोडं अंग जड. तिसऱ्या दिवशी मात्र कचेरीचा जिना उतरताना अक्षरशः कठडा धरून एकेक पायरी खाली आलो. चढताना एवढं दुखत नव्हतं, उतरताना जीव जात होता. सहकारी म्हणाले, "वय झालं आता." दुसरे म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं!" सगळे हसले, मीही हसलो.

पण ती म्हण डोक्यातून जाईना. म्हण नाचणाऱ्याची थट्टा करते, अंगणाची बाजू कुणी ऐकूनच घेत नाही. अंगण खरंच वाकडं असलं तर? माणसं हजारो वर्षं एकत्र नाचत आली आहेत, त्यात म्हातारी होती, गुडघे दुखणारी होती, दिवसभर शेतात राबून आलेली होती. मग ती सगळी तिसऱ्या दिवशी कठडा धरून उतरत होती का? की त्यांच्या नाचात काही सोय होती जी आपण विसरलो?

या प्रश्नाचं उत्तर मला ज्या गावाच्या निमित्ताने सापडलं त्याचं नाव बोथ. गोव्यातल्या वाचकांनी हे नाव बहुधा ऐकलेलं नसेल. मीही ऐकलं ते कागदावर. कारकुनी पेशामुळे कायद्याची कलमं वाचायची सवय लागलेली असते, आणि हद्दींचा मला पहिल्यापासून नाद. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यात हैदराबाद राज्याचे तुकडे कसे पाडले त्याची यादी आहे. त्यात आदिलाबाद जिल्ह्यातून मराठी मुलखाकडे काय आलं? किनवट तालुका, राजुरा तालुका आणि बोथ तालुक्यातलं इस्लापूर सर्कल. म्हणजे बोथ तालुक्याचा एक तुकडा मुंबई राज्यात आला आणि खुद्द बोथ आंध्र प्रदेशात गेलं. २०१४ पासून ते तेलंगणात आहे. एका तालुक्याचं भाषेवरून केलेलं असं वाटप वाचलं की गोव्याच्या माणसाला आपलं १६ जानेवारी १९६७ आठवतंच. त्या दिवशी कुणी कुठे शिक्का मारला यावरून आजही घराघरांत वाद होतात. असो, तो विषय वेगळा.

बोथच्या वाटणीत एक गंमत आहे. हद्द आखली मराठी आणि तेलुगू या दोन भाषांच्या हिशेबाने. पण त्या डोंगरांत, उत्तरेला पैनगंगा आणि दक्षिणेला गोदावरी अशा मधल्या मुलखात, पिढ्यान्‌पिढ्या राहतात ते राजगोंड. त्यांची भाषा गोंडी, म्हणजे या दोन्हींपैकी एकही नाही. पश्चिमेकडच्या गोंडांना शेजारामुळे मराठी येते, पूर्वेकडच्यांना तेलुगू. १९४० च्या दशकात ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हैमेनडॉर्फ उटनूरच्या डोंगरातल्या मारलवाई गावी येऊन राहिले. त्यांच्या पुढाकाराने गोंड मुलांसाठी शाळा निघाल्या, तेव्हा गोंडीची पहिली वाचनपुस्तकं नागरी लिपीत काढली, कारण पुढे मराठीकडे वळायला ते सोपं जाणार होतं. आपलीच अक्षरं, भाषा निराळी.

आता नाचाकडे येतो. या गोंडांचा वर्षातला मोठा नाच म्हणजे दंडारी. दिवाळीच्या आधी काही दिवस सुरू होतो आणि दिवाळीला संपतो. गावातली मंडळी, म्हणजे तरुण, प्रौढ, वाजवणारे, गाणारे, मेळ करून दुसऱ्या गावी जातात. यजमान गाव त्यांचं स्वागत करतं, जेवू घालतं, रात्रभर नाचगाणं होतं आणि दुसऱ्या दिवशी मेळ परततो. मग कधी तरी त्या गावाचा मेळ इकडे येतो. ज्यांच्याशी सोयरीक होऊ शकते अशा गावांमध्ये ही ये-जा असते, त्यामुळे मुलंमुली एकमेकांना पाहतात आणि लग्नाची बोलणी निघतात. हा केवळ नाच नव्हे, गावांमधली ही परतफेडीची वहिवाट आहे.

या मेळाचं सर्वांना ठाऊक असलेलं रूप म्हणजे गुसाडी. डोक्यावर मोरपिसांचा भला थोरला टोप, अंगाला राख, खांद्यावर प्राण्याचं कातडं, हातात दांडकं, कमरेला नि पायाला घुंगरं. तो नाचतो, उड्या मारतो, लोकांना भिववतो आणि हसवतोही. जितके दिवस तो गुसाडी असतो तितके दिवस त्याला व्रत पाळावं लागतं. आंघोळ नाही, अंगाची राख उतरवायची नाही. शेवटी विधिपूर्वक साज उतरवला की तो पुन्हा साधा माणूस. वाजवायला डफ, तुडुम, पिपरी. गुमेला नावाचं एक वाद्यही त्यांच्यात आहे, आणि ते नाव वाचल्यावर घुमटावर वाढलेल्या माझ्यासारख्याचे कान टवकारले. नुसत्या नावावरून नातं जोडू नये हे खरं, पण टवकारले एवढं नक्की.

पहिल्यांदा मला वाटलं, एवढे दिवस नाचायचं म्हणजे ही माणसं लोखंडाची असणार. नीट पाहिल्यावर ध्यानात आलं की माणसं आपल्यासारखीच, रचना निराळी. एक तर सगळे सारखे नाचत नाहीत. उड्या मारायच्या त्या गुसाडीने, म्हणजे तरण्या पोराने. इतरांची पावलं साधी. बायका एकमेकींना धरून ओळीत नाचतात, त्यात उडी नाही, झुलणं आहे. वडीलधारे पूजेला, बोलणीला, गाण्याला. नाचून झालं की गाणं, गाण्यानंतर सोंग-विनोद, मग जेवण, मग पुन्हा नाच. एका गावाहून दुसऱ्या गावी जायचं ते चालत, म्हणजे पायांचं कडकपण आपोआप सुटतं. आणि सगळं मातीवर, अनवाणी. थोडक्यात, दुखू नये म्हणून कुणी वेगळा उपाय करत नाही. तो उपाय नाचाच्या घडणीतच आहे.

हे कळल्यावर मी आपल्याकडे वळून पाहिलं.

धालो घ्या. पौषातल्या चांदण्या रात्री, मांडावर, बायकांच्या दोन ओळी समोरासमोर. प्रत्येकीचा हात शेजारणीच्या कमरेला. किंचित वाकून पुढे जायचं, मागे यायचं. पाच, सात किंवा नऊ रात्री हे चालतं. ज्या बाईची कंबर धरलेली असते ती तिच्या शेजारणीच्या आधाराने पुढे-मागे होते. साठीची बाई ओळीत असली तरी तिचा तोल ओळ सांभाळते. वेगाच्या फुगड्या येतात त्या अंग तापल्यावर, आणि त्या घालणाऱ्या बहुधा तरण्या. शेवटी मांड शिंपून झाला की संपलं, पुढच्या पौषापर्यंत. सारवलेल्या अंगणात अनवाणी पाय थोडा घसरतो, वळताना गुडघ्याला पीळ बसत नाही. रबरी तळाचा बूट डांबराला चिकटून बसतो. वरचं अंग वळतं, पाऊल वळत नाही, आणि मधला गुडघा बिचारा भरडला जातो. जोडीनाच शिकणारी माणसं चामड्याच्या गुळगुळीत तळाचे बूट का घालतात हे मला तेव्हा कळलं.

मांडो घ्या. एकोणिसाव्या शतकात सासष्टीतल्या ख्रिस्ती घरांच्या दिवाणखान्यांत तो वाढला. कुडतरीच्या लिगोरियो कॉस्ता (१८५१–१९१९) यांच्यासारखे रचनाकार त्याला लाभले. युरोपच्या बॉलरूमचं वारं त्याला लागलेलं आहे हे स्पष्ट दिसतं, पण स्त्री-पुरुष एकमेकांना धरत नाहीत. समोरासमोर दोन ओळी, हातात पंखा किंवा रुमाल, संथ सरकणारी पावलं, सोबतीला व्हायोलिन आणि घुमट. मांडो संपता संपता दुलपद येतं, ते चढत्या लयीचं. म्हणजे आधी संथ, मग जलद. आजचा व्यायामशिक्षक पैसे घेऊन जे सांगतो, ते इथे संगीताच्या क्रमातच बांधून ठेवलेलं होतं.

आणि खुद्द मराठी मुलखाची वारी? आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटर अंतर. तीन आठवड्यांच्या आसपास माणसं चालतात आणि टाळ-मृदंगावर पावली खेळतात. साठी-सत्तरीचे वारकरी एकमेकांचे हात धरून फुगडी घालतात. तिथे कुणी "वय झालं" म्हणत नाही. वारीच्या वाटेवर ठरावीक मुक्कामांच्या मधल्या थांब्यांना नाव काय, तर विसावा. थांबणं हा तिथे दुबळेपणा नाही, तो कार्यक्रमाचाच भाग आहे. आपल्या लग्नाच्या रिसेप्शनला नाचता नाचता कुणी बसलं की चार जण हाताला धरून ओढतात. विसावा या शब्दाला तिथे जागाच नाही.

विसावा काढून घेतला की नाचाचं काय होतं याची दोन उदाहरणं जगाच्या इतिहासात ठळक आहेत. पहिलं स्ट्रासबूर्ग शहरातलं. जुलै १५१८ मध्ये तिथे एक बाई रस्त्यावर नाचू लागली आणि थांबेना. हळूहळू शेकडो माणसांना ती लागण झाली. शहराच्या कारभाऱ्यांनी कहर केला. अंगातली उष्णता नाचूनच निघेल असं ठरवून त्यांनी मोकळ्या जागा दिल्या, व्यासपीठ उभारलं, वर वाजवणारे भाड्याने आणले! प्रकरण वाढलंच. मग वाद्यांवर बंदी घालून नाचणाऱ्यांना संत व्हायटसच्या देवस्थानी नेण्यात आलं. सरकारी उपाययोजना कधी कधी रोगाला कशी खतपाणी घालते, हे कारकून या नात्याने मला वेगळं सांगायला नको.

दुसरं उदाहरण अगदी कालपरवाचं म्हणावं असं. ३१ मार्च १९२३ रोजी न्यूयॉर्कच्या ऑड्युबॉन बॉलरूममध्ये आल्मा कमिंग्ज नावाची बाई सलग २७ तास नाचली. सहा जोडीदार दमवले. नंतर काढलेल्या छायाचित्रात ती पाय पाण्यात सोडून बसली आहे आणि हातात झिजून भोकं पडलेले बूट आहेत. तिच्यानंतर अमेरिकेत अशा नाच-मॅरेथॉनचं पेव फुटलं, आणि पुढच्या मंदीच्या काळात तर दोन वेळच्या अन्नासाठी आणि बक्षिसासाठी माणसं आठवडेच्या आठवडे पाय ओढत राहिली. प्रेक्षक तिकीट काढून ते बघायला येत. नाच सोबतीचा राहिला नाही, शर्यतीचा झाला. आणि शर्यतीत दुखणं हाच तर तमाशा असतो.

माझा शिगमो यातल्या कुठल्या बाजूचा होता? प्रामाणिकपणे सांगायचं तर मधला. वर्षभर आठ आठ तास खुर्चीत बसायचं आणि एका दुपारी वर्षाचं सगळं नाचून घ्यायचं. तिसऱ्या दिवशीच्या दुखण्याचं कारणही मला नंतर समजलं. सवय नसलेले स्नायू, विशेषतः भार घेत घेत ताणले जाणारे, म्हणजे उडी मारून जमिनीवर येताना किंवा जिना उतरताना वापरले जाणारे मांडीचे स्नायू, एकदम कामाला लावले की एक ते तीन दिवसांनी दुखतात आणि मग आपोआप बरे होतात. ते वयाचं नव्हे, सवयीचं दुखणं. सांध्यात टोचणारी, सूज आणणारी, नाचतानाच उठणारी कळ वेगळी. तिथे थांबावं आणि डॉक्टर गाठावा. पण पहिल्या दुखण्याला घाबरून आपण चाळिशीतच नाच सोडून देतो, आणि मग खरोखरच म्हातारे होतो.

मात्र दंडारीचं गोडवे गाऊन थांबलो तर ते खोटं होईल. जुनं ते सगळं सुखाचं होतं असं मुळीच नाही. गुसाडीचं व्रत हे शरीराला सुख देणारं नाहीच. तो त्रास समजून उमजून घेतलेला असतो. मांडो ज्या दिवाणखान्यांत नाचला जाई तिथे वरच्या जातीच्या घरांखेरीज इतरांना ओळीत जागा नव्हती. आणि गोंडांच्या बाबतीत तर हिशेब फार कडू आहे. १९४० मध्ये जमिनी आणि जंगलासाठी निजामाच्या सरकारविरुद्ध उभा राहिलेला कोमरम भीम मारला गेला. त्यानंतरच्या चौकशीच्या निमित्तानेच हैमेनडॉर्फ त्या मुलखात पोचले.

मग येतं १९८१ साल. त्या वर्षी प्रजासत्ताक दिनाला दिल्लीत गुसाडी नाचले. त्यांना तयार करणारे मारलवाईचे कनक राजू. त्यांना पुढे २०२१ साली पद्मश्री मिळाली, २०२४ मध्ये ते गेले. देशाने मोरपिसांच्या टोपांना टाळ्या दिल्या. आणि त्याच वर्षी, तीन महिनेही पुरते झाले नसताना, २० एप्रिल १९८१ रोजी आदिलाबादमधल्याच इंद्रवेल्लीला जमिनीच्या मागण्यांसाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा १३ मृतांचा, नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनांचा त्याहून कितीतरी जास्त.

या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की पोटात कालवतं. राजपथावर नाचणारे पाय आपल्याला आवडतात. तेच पाय ज्या जमिनीवर उभे आहेत ती कुणाची, हा प्रश्न आला की आपल्याला अवघडल्यासारखं होतं. दंडारी चालायची तर एका गावाकडे पाहुण्या गावाला जेवू घालण्याइतकं धान्य हवं, आणि धान्यासाठी जमीन हवी. अंगण वाकडं म्हणजे काय, त्याचा हा अर्थ मला बोथच्या वाटेने गेल्यावर कळला. नाच टिकवायचा म्हणजे टोप आणि घुंगरं संग्रहालयात ठेवणं नव्हे. ज्या अंगणात तो होतो ते अंगण राहिलं पाहिजे. आपल्याकडच्या मांडांचंही तेच. मांडाची जागा वाहनं लावायला गेली किंवा विकली गेली की धालो उरतो तो स्पर्धेच्या स्टेजवर, दहा मिनिटांचा, परीक्षकांकडे तोंड करून. तिथे साठीच्या बाईला ओळीत कोण घेणार?

माझ्यापुरतं मी एवढंच केलं. यंदा शिगम्याच्या तीन आठवडे आधीपासून रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं घरामागच्या मातीच्या अंगणात अनवाणी पावलं टाकली. आधी नुसती चाल, मग ताल, उडी अगदी शेवटच्या आठवड्यात. पाऊल आखूड ठेवायचं, गुडघा ताठ करायचा नाही, हे शेजारच्या ढोल वाजवणाऱ्या काकांनी सांगितलं. ते सत्तरीला टेकलेत. पहिले दोन दिवस मुलं खिडकीतून हसत होती, नंतर धाकटी येऊन शेजारी उभी राहिली.

रोमटाच्या दिवशी ते नवे बूट घरीच ठेवले आणि जुन्या झिजल्या तळाच्या चपला घातल्या. तरण्या पोरांच्या पुढच्या ओळीत न घुसता मागे राहिलो. दोनदा बाजूला झालो आणि ज्याला नाचायचं होतं त्याच्याकडून झांज घेऊन वाजवत चाललो. काका तर दर थोड्या वेळाने कुणाच्या तरी पायरीवर टेकत होते, पाणी पीत होते आणि पुन्हा मेळात शिरत होते. त्यांना कुणी ओढलं नाही, कुणी हसलंही नाही. इतकी वर्षं ते हेच करत असणार. मी पाहिलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी कचेरीचा जिना उतरलो तेव्हा कठड्याची आठवणही झाली नाही. सहकाऱ्यांनी विचारलं, "यंदा नाचला नाहीत वाटतं?" मी म्हटलं, गेल्या वर्षीपेक्षा जास्त नाचलो. त्यांचा विश्वास बसला नाही. पुढच्या वर्षी त्यांना अंगणात बोलावणार आहे, तीन आठवडे आधी.